विटांच्या ढिगावरचं लोकरीचं मुंगूस

चहा गार होऊ नये म्हणून किटलीवर चढवायच्या टोप्या मी आजवर एवढ्या विणल्या आहेत, की एकीला एक बांधत गेलं तर दुर्ग स्टेशनपासून नागपूर गाठता येईल आणि वाटेतल्या डोंगरगडच्या लोकांना कानटोप्या करायला लोकर उरेल. कोंबडी विणली, कासव विणलं, गाल फुगवलेला बेडूक विणला. बेडकाखाली सकाळी सहाला झाकलेला चहा एका पाहुण्याने दुपारी दोनला घेतला, तर त्याची जीभ अशी पोळली की संध्याकाळपर्यंत त्याला मराठी बोलताच येईना, नुसती हिंदी निघत होती. यातलं किती खरं ते विचारू नका. मुंगसाचं मात्र जसं घडलं तसंच सांगणार आहे. त्यात पदरचं घालायची मला अजून भीती वाटते.

आमच्या ह्यांनी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये तेहेतीस वर्षं क्रेन चालवली. खाली वितळलेल्या लोखंडाची बादली, बादली म्हणजे आमचं अख्खं स्वयंपाकघर बुडेल एवढी, आणि वर केबिनमध्ये हे. एवढ्या जोखमीच्या माणसाचा भरवसा कशावर, तर एका मुंगसावर. आमच्या क्वार्टरच्या परसात, मागच्या भिंतीला लागून जुन्या विटांचा ढीग आहे. त्यात ते राहायचं. ड्यूटीला निघण्याआधी हे मागच्या दारात उभे राहून म्हणायचे, "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुले रामाची शपथ." लहानपणी आपण सगळ्यांनीच हे म्हटलेलं असतं. मुंगूस शपथेला बांधलेलं, ते मागे वळून पाहतंच, आणि त्याने पाहिलं की काम फत्ते. बाकीची पोरं मोठी झाल्यावर विसरली. हे विसरले नाहीत. मुंगसाने तोंड दाखवलं की स्कूटरला किक. एकदा नाही दिसलं तर ह्यांनी सरळ रजा टाकली. त्या दिवशी प्लांटमध्ये काहीही झालं नाही. ह्यांच्या मते, हे गेले नव्हते म्हणून झालं नाही.

रिटायर झाल्यावर हेच क्वार्टर आम्ही लीजवर घेतलं. ते मुंगसासाठी घेतलं असं मी सगळ्यांना सांगत असे, आणि लोक हसत. मग मागच्या गल्लीत नवी नाली खोदायला पिवळं मशीन आलं, चार दिवस धरणी हादरली, झुडपं गेली आणि मुंगूसही गेलं. दोन पावसाळे झाले, कोणाला दिसलं नाही.

आणि त्याच काळात ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. हे विजेच्या खांबाला नमस्कार करायचे. एकदा भाजीवाल्याच्या गाईशी पेन्शनवर बोलत उभे राहिले. गाईने ऐकून घेतलं म्हणे. मी हे हसत सांगायची, पण डॉक्टर हसत नव्हते. ते म्हणाले, उजवा डोळा फार पिकलाय, महिन्याच्या आत केलं नाही तर आत दाब वाढेल, आणि मग ऑपरेशन करूनही त्या डोळ्याने काही दिसणार नाही.

घरी आल्यावर ह्यांनी चपला काढल्या आणि म्हणाले, "मुंगूस दिसल्याबिगर मी डोळ्याले हात लावू देणार नाही."

"तुम्हाले भिंत दिसत नाही, मुंगूस कसं दिसन?"

"ते डोळ्यानं नसते दिसत."

"मंग डोळे कशाले पाहिजेत?"

"चहा आन," हे म्हणाले. वाद संपला की ह्यांना चहा लागतो, आणि वाद संपला हे तेच ठरवतात.

आठ दिवस मी समजावलं. रायपूरची मुलगी फोनवर रडली. हे रोज सकाळी मागच्या दारात उभे राहून पांढऱ्या धुक्याला शपथ घालत आणि आत येऊन म्हणत, "नाही." एवढंच. तेहेतीस वर्षं आगीवरून बादल्या नेलेला माणूस एका सुईला घाबरला होता. हे त्याला कबूल करता येत नव्हतं, म्हणून मध्ये मुंगूस घातलं होतं. हे मला कळत होतं. पण कळून डोळा वाचत नाही.

नवव्या दिवशी मी चहा गाळत होते आणि किटलीकडे बघता बघता मला तिची नळी दिसली. नळी म्हणजे मुस्कट. गोल पोट म्हणजे आखडून बसलेलं अंग. मान पुढे काढून, काहीतरी हुंगत बसलेलं. म्हटलं, जे येत नाही ते विणायचं. धुक्यात, पिकल्या डोळ्यांना, वीस हातांवरून, लोकरीचं काय आणि केसांचं काय.

पण मुंगूस विणणं म्हणजे बेडूक विणणं नव्हे. बेडकाला नुसते गाल असले की झालं. मुंगूस लांब, किटली गोल. जुन्या कॅलेंडरच्या पानावर मी आकार कापला, किटलीला गुंडाळला, टाचण्या मारल्या. पहिल्या खेपेला डुक्कर झालं. दुसऱ्या खेपेला आमच्या एका नातलगासारखं झालं; कोणासारखं ते सांगत नाही, ते वाचतात. तिसऱ्या वेळी गोम कळली: जोर पोटावर नाही, खांद्यावर द्यायचा. खांद्यापाशी टाके झपाट्याने कमी करत आणले, मान बारीक काढली, की आपोआप ते दबा धरून बसलं.

रंगाचा प्रश्न त्याहून अवघड. मुंगसाचा एकेक केस काळा-पांढरा असतो, मिठात मिरी कुटल्यासारखा. तसली लोकर भिलाईच्या कुठल्या दुकानात मिळणार? मी ह्यांचा ड्यूटीचा जुना खाकी स्वेटर उसवला आणि एक राखाडी मफलर उसवला. लडी धुतल्या, मोड निघावी म्हणून खाली वरवंटा बांधून टांगल्या, आणि दोन्ही धागे एकत्र धरून विणलं. दर दुसऱ्या ओळीला टाक्याबरोबर बोटाएवढा फास सोडायचा, विणून झाल्यावर फास कापायचे आणि गंज काढायच्या तारेच्या ब्रशने विंचरायचे. पिंजून असे केस उभे राहिले की माझाच हात मागे आला. शेपूट अंगाएवढीच लांब; ती मुठीवरून खाली सोडली. तोंडाला काजाएवढी चीर ठेवली, तीतून नळीचं टोक जेमतेम बाहेर. चहा ओतला की हनुवटीवरून ओघळायचा. पण मला त्यातून चहा द्यायचाच नव्हता. उकळतं पाणी भरलं, झाकलं, आणि थंडीत त्या चिरेतून वाफ यायला लागली. थोडी यायची, थांबायची, पुन्हा यायची. श्वास घेतल्यासारखी.

डोळे मी नेहमी शेवटी लावते. ते लावेपर्यंत ती वस्तू असते. शिवणाच्या डब्यात गुंजा होत्या, लालबुंद, एका टोकाला काळा ठिपका असलेल्या. मुंगसाचा डोळा तसाच असतो, रागावलेला. तापल्या सुईने भोक पाडून दोन गुंजा शिवल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे खुर्सीपारहून कामाला येते ती बाई ओट्यापाशी थबकली. माझी विणलेली कोंबडी ती लेकरासारखी उचलून पुसते. "दीदी, एला मैं नइ छुवंव," ती म्हणाली. "ये हा देखत हे." ती हात लावणार नाही, कारण ते बघतंय म्हणे. मी हसले. ती हसली नाही. ओटा तिने अर्धाच पुसला.

स्वयंपाकघरात ट्यूबलाइटमागे तीन पाली होत्या, आमच्यापेक्षा जुन्या भाडेकरू. आठवडाभरात एकही उरली नाही. खिडकीत पोळीचा तुकडा न्यायला येणारी खार यायची थांबली. हे योगायोग असतील. मी रोज याहून मोठे योगायोग पदरचे बनवून सांगते. पण एका दुपारी किटली घासायला मोरीत होती आणि टोपी ओट्यावर रिकामी बसली होती. कपाटात ठेवायला म्हणून मी आत हात घातला, तर आत ऊब होती. चहाची ऊब ओलसर असते, तिला आल्याचा वास असतो. ही कोरडी होती. झोपलेल्या जिवाच्या पोटाखाली हात गेल्यावर लागते तशी.

मी हात काढला आणि कपाटाचं दार लावून घेतलं. ह्यांना काही बोलले नाही. महिना संपायला आठ दिवस राहिले होते.

पुढच्या पहाटे धुकं असं दाट होतं की घरातल्या घरात एकमेकांना हाका माराव्या. उजाडता उजाडता मी किटलीत उकळतं पाणी भरलं, मुंगूस चढवलं, आणि हे तोंड धूत होते तेवढ्यात परसात गेले. दवाने विटा निसरड्या झालेल्या. चप्पल चिखलात रुतली. कशीबशी किटली ढिगावर टेकवली आणि धावत परत आले. हे मफलर गुंडाळून दारात आलेच.

"मुंगसा मुंगसा तोंड दाखव," ह्यांनी हळू आवाजात सुरुवात केली, "तुले रामाची शपथ."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की घाईत मी किटली उलटी ठेवली होती. नळी भिंतीकडे, शेपूट आमच्याकडे. दारातून नुसतं एक कुबड दिसत होतं, आणि त्याच्या पलीकडून भिंतीवर वाफ चढत होती. इतक्या दिवसांच्या कष्टांवर पाणी. हे आता म्हणणार, "नाही."

पण मफलरमधून ह्यांचे दोन्ही हात बाहेर आले आणि जोडले गेले.

"दाखवलं," हे म्हणाले.

"काय?"

"तोंड. पाह्यलं माह्याकडे. लाव डॉक्टरले फोन."

मी फोन लावला. अशा वेळी प्रश्न विचारणारी बायको मी नाही. मग हे अंघोळीला गेल्यावर मी किटली आणायला गेले. नळी भिंतीकडेच होती, जशी ठेवली तशी. इथे मला सहज सांगता आलं असतं की मातीत पावलं उमटली होती. नव्हती. केस सापडला नाही, बीळ सापडलं नाही. फक्त एक वास होता, उग्र, ओल्या जनावराचा, आणि तो टोपीला नव्हता. तो विटांना होता.

ऑपरेशन झालं. डोळा छान आला. टोपी मी गाद्यांच्या पेटीत तळाला घालून ठेवली, कारण आता ह्यांना सगळं दिसायला लागलं होतं. भिंतीवरचे डाग दिसले, माझे पांढरे केस दिसले, त्यांचा हिशेब त्यांनी एका दमात सांगितला. पाचव्या दिवशी काळा चष्मा लावून चहा पिता पिता म्हणाले, "ते कुठं लपवलं?"

"काय?"

"माह्या स्वेटरचं मुंगूस."

मी साखरेचा डबा उगाच उघडून बंद केला. "तुम्हाले कसं माहीत?"

"घरात इतके दिवस लोकर पिंजून राहिली होती तू. डोळे गेले होते, नाक नव्हतं गेलं. माहा ड्यूटीचा वास मी वळखत नाही का?"

"मंग गेले कावून ऑपरेशनले? मी फसवते हे माहीत असून?"

"तुयं तर पाठमोरं बसलं होतं ना," हे शांतपणे म्हणाले. "तोंड दाखवलं ते त्याच्या बाजूच्यानं. तुयं पाहाले आलं होतं ते."

"तुम्हाले तवा भिंत दिसत नव्हती."

"भिंत कोण पाहून राहिलं होतं?"

बोलायला मी कधी कमी पडत नाही. लग्नात आलेल्या नागपूरच्या पाहुण्यांनी पैज लावून पाहिलंय. त्या दिवशी मात्र मी चहा पुन्हा गरम केला.

दीड महिन्याने डाव्या डोळ्याची तारीख आली. आदल्या दिवशी हे स्वतःच म्हणाले, "उद्या सकाळी तुयं ते ठेव बाहेर. ते असलं की दुसरं येते." वाद संपल्याच्या आवाजात. आणि चहा मागितला.

मी पेटीतून टोपी काढली. गाद्यांखाली दीड महिना दबली होती, तरी एक केस बसला नव्हता.

सकाळी धुकं विरळ होतं. ढिगातली वीट अन् वीट दिसत होती, आणि ह्यांचा उजवा डोळा आता त्या मोजूही शकत होता. मी किटली ठेवली. या वेळी नळी घराकडे. परत येताना दोनदा वळून खात्री केली. मुंगूस आमच्याकडे तोंड करून बसलं होतं, गुंजा चमकत होत्या, वाफ येत होती, थांबत होती, येत होती. पुढच्या दाराशी रिक्षा उभी होती. आठला पोहोचायचं होतं.

ह्यांनी शपथ घातली. काही नाही. पुन्हा घातली. तिसऱ्यांदा घातली तेव्हा आवाज कापला. ह्यांनी हातातल्या नॅपकिनची घडी मोडली आणि पुन्हा घातली. मला वाटलं, आता हे आत जाऊन पलंगावर बसणार, आणि दुसरा डोळा पहिल्यासारखाच पिकून, दाब वाढून जाणार, आणि मी सगळ्यांना गमतीच्या गोष्टी सांगत फिरणार की आमचे हे खांबाला नमस्कार करतात.

डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं म्हणून हे बाजूला वळले, पुसायला.

तेवढ्यात ते वळलं.

मला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. खालून कोणी तळवा धरून फिरवावं तशी किटली सावकाश फिरली. वाफ आमच्याकडे येत होती, ती बाजूला गेली, मग भिंतीकडे गेली. गुंजा दिसेनाशा झाल्या. शेपूट पुढे आली. ॲल्युमिनियमची किटली विटेवर फिरली तर दात आंबतील असा आवाज व्हायला हवा. काहीही आवाज झाला नाही. मुंगसाने शपथ ऐकून तोंड फिरवलं होतं, आणि तोंड फिरवणं म्हणजे काय, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती.

ह्यांनी डोळा पुसून वर पाहिलं. "उलटं कावून ठेवलं तू?"

"मुद्दाम," मी म्हटलं. "मांगच्या बारीले उलटंच होतं. तवाच तर ते आलं होतं."

"मंग? आलं का?"

"येऊन गेलं. तुम्ही डोळा पुसून राहिले होते ना, तवा. ह्या बाजूनं डोकावलं, तोंड दाखवलं, गेलं."

हे माझ्याकडे बघत राहिले, त्या एका धड डोळ्याने. चाळीस वर्षांत माझं एकही वाक्य ह्यांनी पुरतं खरं मानलेलं नाही.

"रामाची शपथ?"

"रामाची शपथ," मी म्हटलं.

ह्यांनी नॅपकिन खांद्यावर टाकला आणि चपला घालायला गेले.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर मी बाकावर बसले होते. शेजारची बाई उतई गावची, तिच्या सासूचा डोळा होता. तिने विचारलं, घाबरताय का. एरवी मी तिला अर्ध्या तासात तीन गोष्टी सांगून हसवून सोडलं असतं. मी नुसतं दाराकडे बघत होते. आतून नर्स प्रत्येक वेळी बाहेर आली की मला वाटायचं, ही आता माझ्यासमोर थांबणार आणि सांगणार. माझ्या जिभेवरून आयुष्यात हजार खोट्या गोष्टी गेल्या असतील, पण त्यांच्यामुळे कोणाचा डोळा जाईल अशी त्यातली एकही नव्हती.

नर्स थांबली ती फक्त कागदावर सही घ्यायला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. ह्यांनी भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ वाचली, मग तक्त्याखाली छापलेली बारीक अक्षरं वाचली, मग डॉक्टरांच्या शर्टाचं एक बटण वेगळ्या धाग्याने शिवलंय ते सांगितलं. डॉक्टर हसले. मी बाहेर व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकून उभी राहिले आणि रडले.

घरी आल्यावर मी परसात गेले. किटली ढिगावर होती, कालची, गार, उघडी. टोपी नव्हती. कामवालीने देवाची आण घेऊन सांगितलं की तिने तिकडे पाऊलही टाकलं नाही, आणि मला ते पटलं. वारा नव्हता. कुत्र्याने नेली म्हणावी तर एक धागा कुठे अडकलेला नव्हता. मी वीट अन् वीट उचलून पाहिली.

आता हे रोज सकाळी मागच्या दारात खुर्ची टाकून बसतात. दोन्ही डोळे लख्ख. मी चहा घेऊन जाते.

"आज दोघं होते," हे म्हणतात. कधी, "आज एकच. खाकी." मी ढिगाकडे पाहते. मला विटा दिसतात.

"तुले दिसून नाही राहिलं का?"

"दिसून राहिलं की," मी म्हणते. हे खोटं मी रोज सकाळी बोलते, आणि माझ्या हातून कपात चहा थोडा जास्तच ओतला जातो. ह्यांच्या ते लक्षात येत नाही. काल माझं उत्तर ऐकून ह्यांनी मान हलवली, खुर्चीत वळले, आणि हात जोडले. ढिगाकडे नाही. माझ्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे, गुडघ्याएवढ्या उंचीवर कुठेतरी पाहत.